तिकीट

एकतीस वर्षं मी दोरीचं टोक भोकात खुपसून
माणसांना माणसं जोडून दिली.
गोंदिया, बालाघाट, उमरेड, सावनेर.
कानावर हेडफोन, हातात पेन्सिल,
आणि प्रत्येक बोलण्याआधी एक चिठोरं:
कोणी मागितलं, कोणाला, किती वाजता.
तिकीट नाही, तर लाइन नाही.
मग कलेक्टर असो की कलेक्टरची सासू.

आता मे महिना, दुपारचे अडीच.
नंदनवनात रस्त्यावर कुत्रंही नाही.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
अन् विजेचं बिल भरायला बसली
नातीच्या जुन्या, बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर.
पडदा एकाएकी लाल झाला,
कुकरसारखा किंचाळायला लागला:
व्हायरस! बंद करू नका! या नंबरवर लगेच बोला!

मी बोलली. खोटं कशाला सांगू.

पलीकडे कोणी रोहन. हिंदी पाकात घोळलेली.
घाबरू नका माताजी, म्हणाला,
आणि दर वाक्यात घाबरायला एक नवं कारण दिलं.
खातं रिकामं होईल. पोलिस येतील.
फोन ठेवू नका. घरात कोणाला सांगू नका.
एक ॲप उतरवा,
त्यात नऊ आकडे दिसतील, तेवढे वाचा.

मी चष्मा पुसला. वाचू लागली.
चार. सात. सात. शून्य.

आणि हा म्हातारा सरकारी कान,
त्यानं पाचव्या आकड्याआधी मान वर केली.
रोहनच्या मागे आणखी एक रोहन बोलत होता,
त्याच्यामागे एक बाई,
तेच शब्द, तीच चाल, फक्त अर्धी ओळ मागे:
घाबरू नका माताजी, घाबरू नका बाबूजी.

अशी खोली माझ्या ओळखीची.
आम्ही वीस बाया अशाच रांगेत बसायचो.
पण आम्ही जोडून द्यायचो अन् बाजूला व्हायचो.
हे जोडून घेतात, आणि आत येऊन बसतात.

मग मनातल्या मनात तिकीट शोधलं.
नंबर फिरवला मी, खरं आहे.
पण दिला कोणी?
ज्यानं घाबरवलं त्यानंच.
मागणी माझ्या नावावर,
अक्षर दुसऱ्याचं.

"बेटा," मी विचारलं, "हा कॉल बुक कोणी केला?"
"क्या?"
"तिकीट दाखव."
पाक आटला. मग तो जे बोलला
ते बालाघाटच्या लाकूड ठेकेदारांच्या तोंडूनही
ऐकलं नव्हतं, आणि मी पुष्कळ ऐकलंय बाप्पा.
फोन कापला. प्लग ओढला.
लॅपटॉपचा. चुकून कूलरचाही.

तशीच घामात बसून राहिली.
चार आकडे गेले होते माझे. पाच उरले.
हात थरथरत होते, हे नातीला सांगितलं नाही.

आणि वैरागडे सर आठवले.
दिवाळीपासून बागेत फिरायला येत नाहीत,
गुडघा धरलाय म्हणतात.
पण गुडघा धरलेला माणूस
पासबुक गादीखाली लपवत नाही;
त्यांच्या मिसेसनं सांगितलं होतं, हळूच.
भूगोल शिकवायचे. म्हणायचे,
नागपूर देशाच्या मधोमध, इथून सगळं सारखंच दूर.
चोरालाही सारखंच जवळ, हे पुस्तकात नव्हतं.

फोन उचलला. या वेळी नंबर
माझ्या वहीतला, माझ्या अक्षरातला.
"सर, मी आज चार आकड्यांपर्यंत गेली होती.
तुम्ही?"

लाइनीवर काहीच नाही. फक्त पंखा.
मग खोकला, मग:
"नऊच्या नऊ, हेडाऊ बाई."

"एकोणीसशे तीसला फोन केला होता?"
"लाज वाटली."
"उद्या जाऊ. सायबरवाल्यांकडे. मी येते सोबत."

त्यानंतर ते बोलू लागले,
पहिल्यांदाच, सुरुवातीपासून.
तीन मिनिटं झाली.
मी मध्ये बोलली नाही.